उंच जोत्याचं घर

बारामती, २८ जून

चि. सर्जेराव यास,

आशीर्वाद. रागात असले तरी मोठी बहीण आहे, तेव्हा तो द्यावाच लागतो.

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुला वाचायचं नसेल तर राजलक्ष्मीनं वाचावं आणि तू जेवायला बसलास की मोठ्यानं ऐकवावं. तू भरल्या ताटावरून उठत नाहीस एवढं मला माहीत आहे.

कामाचं आधी. दसरा झाला की मला दोनेक महिने पुण्याला जावं लागणार आहे. काम आहे. तेवढे दिवस अप्पांना तू पळसदेवला न्यायचंस. ही विनंती नाही, सांगणं आहे.

आता तू म्हणशील की एखादी बाई ठेव. ठेवल्या होत्या. अप्पांनी एकीला भाकरी थापायला शिकवली, दुसरीला झाडू मारायला शिकवला आणि तिसरीला मोठ्या माणसांशी कसं बोलावं ते शिकवलं. तिघी गेल्या. चौथी बारामतीत मिळणार नाही, आमच्या घराचं नाव झालं आहे.

नाव तसं आधीपासूनच आहे म्हणा. तू इथं येऊन तीन वर्षं झाली, तेवढ्यात कॉलनी भरून गेली. इंदापूरच्या बाजूला जो उसाचा मळा होता तिथं आता नुसती घरं. कुणाचं 'आईची कृपा', कुणाचं 'स्वप्नपूर्ती'. आपल्या घराला अप्पांनी नाव दिलंच नाही, म्हणून लोकांनी दिलं. मचाण. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा मला मचाणावरच्या बाई म्हणायची. चूक त्यांची नाही. अख्ख्या कॉलनीची घरं रस्त्यापासून वीतभर वर आणि आपलं तेवढं पुरुषभर उंच जोत्यावर. गवंड्याला वाटलं होतं, खाली गाडी लावायची असेल. अप्पांनी ते सगळं जोतं मुरमानं ठासून भरून घेतलं. गवंडी म्हणाला, "अप्पा, हितं कुठली नदी येतीय?" तर म्हणाले, "आमच्या तितंबी न्हवती येत." माझ्या डोक्यावर माझं छप्पर असावं म्हणून त्यांनी हे घर बांधलं, हे मला मान्य आहे. पण ते छप्पर एवढं वर कशाला न्यायचं होतं?

आता तेच अंगाशी आलं. गेल्या थंडीत त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत. न्हावी वर येतो, डॉक्टर वर येतात, दुधाची किटली ते दोरीनं वर ओढून घेतात. बाकी सगळं मी चढते आणि उतरते. माझे गुडघे कुणी विचारत नाही.

तुझ्या वास्तुशांतीचं मला उगाळायचं नाही. पण एकदा लिहून टाकते. तीनशे माणूस जेवायला बसलेलं असताना अप्पा तुझ्या फाटकापर्यंत आले, आत पाहिलं आणि माघारी फिरून गाडीत बसले. पाहुण्यांनी जिलेबी खाल्ली आणि तोंडी लावायला आपल्याला घेतलं. तू सगळ्यांदेखत म्हणालास, आक्कानंच त्यांना शिकवून आणलंय. सर्जा, त्या माणसाला कुणी काही शिकवू शकलं असतं तर मी आधी त्यांना पंखा बंद करायला शिकवलं असतं. तुझं घर जमिनीला टेकलेलं, त्याला जोतं नाही, आणि जुनं गाव धरणात गेल्यापासून यांच्या डोक्यात पाण्याची भीती. म्हणून फिरले. एवढंच होतं ते.

उत्तर पाठव. दसऱ्यानंतर.

आक्का


बारामती, १९ जुलै

सर्जेराव,

उत्तर नाही. बरं.

तुझ्यावाचून अडू नये म्हणून मी रॅम्प करायला घेतला. चाकाच्या खुर्चीवरून उतरवता आलं की निदान अप्पांना कुठंही नेता तरी येईल, असा माझा विचार. इंजिनिअर आला, मोजमाप झालं. म्हणाला, एवढ्या उंचीला बेताचा उतार द्यायचा तर रॅम्प रस्ता ओलांडून समोरच्या बंगल्यात जाईल. समोर माऊली राहतो. जेसीबी भाड्यानं देतो आणि कॉलनीचा अध्यक्षही तोच आहे. तो म्हणाला, "बाई, करा की. मी सकाळचा च्या घ्यायला थेट तुमच्याकडं वर यीन." सगळी गल्ली हसली. मला हसू आलं नाही.

मग इंजिनिअरनं अंगणातच वळणं देऊन रॅम्प बसवायचं कबूल केलं. लिंबाचं झाड जाणार होतं, जाऊ दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तर अप्पा वरच्या पायरीवर काठी आडवी धरून बसलेले. मला म्हणाले, "विजू, मी येवढं जोतं घातलं आन् तू पान्याला वर यायला वाट करून देतीस व्हय?"

मी म्हटलं, अप्पा, ती वाट तुमच्यासाठी आहे.

"पान्याला काय कळतंय कुनासाठी हाय ते."

मिस्त्री दुपारपर्यंत लिंबाखाली बसला, आमच्याकडचंच जेवला आणि निघून गेला. पुन्हा फोन उचलत नाही. माझा फोन कुणीच उचलत नाही असं दिसतंय.

दिवसभर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीचा कारभार बघतात. कुणाच्या घरी कोण आलं, कुणी गाडी कुठं लावली, मोनाच्या ब्युटी पार्लरमधून कोण कशी होऊन बाहेर पडली, सगळं वरून मोठ्यानं. मोना माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या ठमाबाई तेवढ्या वर येतात, कारण त्यांना एवढ्या उंचीवरून सगळ्यांची वाळवणं दिसतात.

हसण्यावारी नेऊ नकोस. मला पुण्याला जायचं आहे. ते चुकवता येण्यासारखं नाही.

आक्का


बारामती, १४ ऑगस्ट

सर्जा,

काल राजलक्ष्मीचा फोन आला. आवाज इतका बारीक की ती गोठ्यातून बोलत होती हे न सांगता कळलं. तिच्यावर चिडू नकोस, तुझ्या घरात शहाणं माणूस एक तीच आहे.

म्हणाली, "वन्सं, त्यांचं न्हाय आसं न्हाय. अप्पांना घेऊन या म्हणत्यात. पर त्यांनी आपल्या पायानं दारात यावं. उचलून आनल्यालं नको. तीनशे मानसांम्होरं ज्या पायानं माघारी फिरले, त्याच पायानं यावं, आसं म्हणत्यात."

वा. मी हा निरोप घेऊन अप्पांकडे गेले. ते म्हणाले, "त्या घरात पाय ठिवनार न्हाय म्हंजे न्हाय." एकाला पायच हवेत आणि दुसऱ्याचे पाय आहेत ते नको म्हणतात. मधे मी. तुझ्या लहानपणी तू आणि अप्पा, दोघं रुसून न जेवता झोपायचात आणि मी दोन ताटं झाकून बसायचे. आता अठ्ठावन्न वय झालं, निवृत्त झाले, तरी ताटं झाकणं संपलं नाही.

राजलक्ष्मीनं विचारलं, पुण्यात कसलं काम. मी म्हटलं, शाळेचं. मी मे महिन्यातच निवृत्त झाले हे तिच्या लक्षात आलं नाही, बरं झालं. तारीख त्यांनी दिलेली आहे, मी ठरवलेली नाही. पुढं ढकलायला मी एकदा सांगून पाहिलं, तर ते माझ्यावर ओरडले.

तुझी बाग कशी आहे? केळीवर यंदा फार करपा पडलाय असं ठमाबाईंचा भाचा सांगत होता. फवारणी वेळेवर कर.

आक्का


बारामती, २३ सप्टेंबर

सर्जा,

जे व्हायला नको होतं ते झालं. अप्पांचं म्हणणं बरोबर निघालं.

परवा दुपारनंतर जो पाऊस लागला तो थांबेना. आमच्या मागचा ओढा तुला आठवत असेल. तो ओढा राहिलेलाच नाही, त्यावर प्लॉट पडले. मग पाण्यानं गल्ली धरली. बघता बघता 'आईची कृपा' मध्ये गुडघाभर पाणी, मोनाच्या पार्लरच्या खुर्च्या दारात तरंगायला लागल्या. आणि सगळी गल्ली आपल्या पायऱ्या चढून वर आली. माऊली त्याच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन आला. गाद्या, गॅसच्या शेगड्या, दोन शेळ्या, एक टीव्ही. ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही.

मी पोह्याचं मोठं पातेलं चढवलं. आणि अप्पा, काय सांगू, खुर्चीवर असे बसले होते की जणू लग्न त्यांच्याच घरचं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "किती आलं?" माणूस गुडघ्याला हात लावून दाखवायचा आणि हे मान हलवायचे. माऊलीला म्हणाले, "ये, च्या घ्यायला ये." बिचाऱ्यानं कप घेतला.

काल पाणी ओसरलं. आता त्यांना आवरणं कठीण आहे. सकाळपासून तीन माणसं जोतं बघून गेली. रॅम्पचं नाव काढायची सोय उरली नाही.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. त्या संध्याकाळी पाऊस पडत असताना ठमाबाई त्यांच्याशेजारी बसल्या होत्या. त्यांना धीर आला असावा. म्हणाल्या, "आप्पा, तुमचं खरं झालं. पर लेकाच्या घरातनं न जेवता फिरलासा, ते काय बरं न्हवं. एक दिवस जोतं नसल्यालं काय झालं आसतं?"

अप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "जोत्याचं काय घिऊन बसलीस. मी जोत्यासाठी न्हाय फिरलो."

मी पातेल्याशी होते. हातातला झारा तसाच राहिला.

म्हणाले, "फाटकात हुबा ऱ्हायलो. म्होरचं दार उघडं, आन् मागं सगळी काच. घरातनं आरपार धरनाचं पानी दिसलं. बुडाल्याल्या देवळाच्या अंगाला. तितंच माझ्या मालकिनीची समाधी हाय पान्याखाली. मी ती माझ्या हातानं बांधली, आन् दोन वर्सांत तिच्यावर पानी आलं. रोज वीत वीत वर यायचं. आवाज न्हाय काय न्हाय. मी काठावर दगूड ठिवायचो आन् सकाळी बघायचो, तर दगूड गेल्याला. त्या पान्याम्होरं पंगत मांडून मी जिलबी खाऊ व्हय?"

ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. माऊलीची आईसुद्धा ऐकत होती. इतक्या वर्षांत हे ते मला बोलले नाहीत, आणि सांगितलं कुणाला, तर शेळ्या घेऊन वर आलेल्या गल्लीला.

मी तीन वर्षं जगाला सांगत होते की अप्पा जोत्यामुळं माघारी फिरले. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः तुझ्या घरात त्या काचेकडं पाठ करून जेवले होते. का, ते मी मनाला विचारलं नव्हतं.

आता तू हे वाच आणि मला सांग, तू ती काच तिकडंच का लावलीस? रस्त्याच्या बाजूला हवा येत नव्हती का? लोक फोटो काढतात म्हणून? तळ्याकाठचा बंगला म्हणून? मला फार राग आला आहे तुझा, सर्जा. आईच्या अंगावरचं पाणी आणि तू त्याला खिडकी केलीस.

विजयमाला


बारामती, २६ सप्टेंबर

सर्जा,

मागच्या पत्रात जास्त लिहिलं. ते मागं घेत नाही, पण एक राहिलं होतं ते लिहिते, म्हणजे तुला ठरवता येईल.

पुण्यात काम नाही. उजव्या छातीत गाठ आहे. एप्रिलमध्ये कळलं. काढायची आहे आणि मग ती कसली ते बघून पुढचं. डॉक्टर ओरडले ते याच्यासाठी. शाळेतली प्रतिक्षा म्हणून माझी मैत्रीण आहे, तिची पुण्यात खोली आहे, ती माझ्याजवळ राहील. माझी काळजी नको. अप्पांचं काय करू एवढंच मला सांग.

त्यांना सांगितलेलं नाही. तू सांगायचं नाहीस. तसंही तू त्यांच्याशी बोलत नाहीस, म्हणजे गुपित तुझ्याकडं सुरक्षित आहे.

मी घाबरले आहे. रात्री नाही घाबरत, सकाळी ते किटली वर ओढत असतात तेव्हा घाबरते. हे त्यांना कळू न देता जेवायला वाढणं आता जमत नाही. चिडचिड होते आणि ते म्हणतात, तुला झालंय काय.

आक्का


पळसदेव, ३० सप्टेंबर

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. मला लिहायची सवय नाही. यशराज म्हणाला, पप्पा, व्हॉइस मेसेज टाका, पण तीनदा बोललो आणि तीनदा पुसलं, म्हणून लिहितो.

आजाराचं आधी का सांगितलं नाही? मी काय मेलो होतो का? यशराज पुण्याला तुझ्याबरोबर येईल, दवाखान्यात तोच थांबेल. यात वाद घालायचा नाही. अप्पांना मी न्यायला येतो. पायाचं म्हणणं मी सोडलं.

आता काचेचं. लोकांच्या फोटोसाठी नाही लावली. इंजिनिअरनं रस्त्याच्या अंगाला खिडकी काढली होती, ती मी भांडून मागं घ्यायला लावली. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला तिचं तोंड आठवत नाही. फोटो नाही. अप्पा कधी बोलले नाहीत आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. माझ्याकडं तिचं एवढंच होतं, की ती कुठं आहे ते मला ठाऊक आहे. धाकट्या चुलत्यांनी लहानपणी बोट करून दाखवलं होतं. ज्या वर्षी पाणी तेवढं उतरतं, त्या वर्षी मी चालत जातो, समाधीवरचा गाळ काढतो, फूल ठेवतो. कोणाला सांगितलं नाही. राजलक्ष्मीला वाटतं मी मासे बघायला जातो.

म्हणून घर तसं बांधलं. सकाळी उठलं की आई समोर असावी. वास्तुशांतीला अप्पांना हाताला धरून आधी काचेपाशी न्यायचं आणि दाखवायचं, असं मी मनात ठरवलं होतं. ते फाटकातूनच फिरले. मला वाटलं, माझं घर त्यांना कमी पडलं.

आक्का, तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. तुला आठवत असणार. आई कशी होती? वेळ मिळेल तेव्हा लिही. गडबड नाही.

सर्जेराव


बारामती, ७ ऑक्टोबर

सर्जा,

तू काल खाली गाडीपाशी उभा होतास, एक शब्द बोलला नाहीस, अप्पांना गाडीत बसवलंस आणि गेलास. वर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. नाहीतर तुला वाटेल ते सुखानं उतरले.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. आधी मीच वाचलं आणि स्वयंपाकघरात भांडी आपटली. तीन वर्षं. एक बाप पाणी बघवत नाही म्हणून फिरतो, एक लेक पाणी बघायला मिळावं म्हणून घर बांधतो, दोघं एकाच बाईसाठी, आणि एक वाक्य एकमेकांशी बोलत नाहीत. आणि मी मूर्ख, गावभर जोत्याचं सांगत बसले. तुम्ही दोघं एका जागी असता तर मी दोघांच्या पाठीत लाटणं घातलं असतं.

पत्रातलं आजाराचं गाळून वाचायला गेले. पण मला वाचताना गाळता येत नाही हे त्यांना मी पहिलीत असल्यापासून माहीत आहे. म्हणाले, "मधलं वाच." वाचलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बाहेर गल्लीकडं बघत म्हणाले, "म्हनून चिडतीस व्हय." मग पुढचं वाच म्हणाले. समाधीवरचा गाळ काढतो, तिथं मला थांबवलं. पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला वाटलं पानी तिला घिऊन गेलं," म्हणाले. "समाधीचा दगूड अजून हाय म्हनतोय?"

हाय, म्हटलं.

काल तू आल्यावर माऊली आणि त्याची दोन माणसं खुर्ची घेऊन वर आली, उचलून न्यायला. अप्पांनी खुर्चीला हात लावू दिला नाही. ठमाबाई म्हणाल्या, "आप्पा, गुडघं मोडत्याल." तर म्हणाले, "त्येनं पायानं या म्हनलंय."

मी सांगितलं, सर्जानं ते म्हणणं सोडलंय. पत्रात लिहिलंय.

"त्येनं सोडलंय. मी धरलंय."

मग धुतलेलं धोतर सावरून ते वरच्या पायरीवर बसले आणि बसत बसत खाली सरकायला लागले. लहान पोर उतरतं तसं. एक पायरी, मग दम. माऊली एका बाजूला, मी एका बाजूला, हात लावायची परवानगी नाही. समोर गल्ली उभी, मोना दारात कैची घेऊन उभी. कुणी हसलं नाही. तू मान खाली घालून टायर बघत होतास. त्या टायरला काय झालं होतं ते तुलाच माहीत. शेवटच्या पायरीशी त्यांनी हात वर केला, तेव्हा मात्र तो तुझ्याकडं केला होता, माझ्याकडं नाही. एवढी वर्षं भाकऱ्या कुणी थापल्या हा प्रश्न मी विचारणार नाही.

रात्रीची गोळी दुधाबरोबर, पाण्याबरोबर नाही. पंखा लावून झोपतात, मग पहाटे थंडी वाजते म्हणून तुम्हालाच बोलतात. ऐकून घे.

आक्का


पुणे, ९ नोव्हेंबर

प्रिय सर्जा,

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, रिपोर्ट बरा आहे, पण पुढं काही महिने औषधं आणि रेडिएशन घ्यावं लागेल असं म्हणतात. यशराजनं तुला कळवलं असेलच. पोरगा चांगला आहे, फक्त दवाखान्यात मोठ्यानं फोनवर बोलतो. घराण्यात आहे ते.

उजवा हात अजून नीट उचलत नाही, म्हणून अक्षर असं आलं आहे. प्रतिक्षा म्हणाली, मी लिहून देते. नको म्हटलं.

राजलक्ष्मी रोज फोन करते, आता घरातून. तू अप्पा यायच्या आदल्या दिवशी सगळ्या काचेवर डाळिंबावरची हिरवी जाळी बांधलीस, हे तिनं सांगितलं. आणि अप्पांनी चार दिवस त्या हिरव्या अंधारात बसून पाचव्या दिवशी विचारलं, हे कशाला बांधलंय, माणूस हाय का भाजी, सोडा ते. हेही सांगितलं. आता तुम्ही दोघं सकाळी तिथं चहा घेऊन बसता म्हणे. ते बोट करून सांगतात, इथं खळं होतं, इथं चिंच होती, आणि तू ऐकतोस. छान. इथं मी टाके घालून पडले आहे आणि दोघांपैकी एकालाही फोन करून विचारावंसं वाटलं नाही की विजू, दुखतंय का. दुखतंय. विचारलं नाही तरी दुखतंय.

असो. तू विचारलं होतंस ते लिहायचं म्हणून बसले आहे. तुझं पत्र आल्यापासून रोज मनात जुळवत होते. आईबद्दल चांगलं काहीतरी लिहावं, मायाळू होती, देवता होती, असं. शाळेत मुलांना निबंधात लिहायला लावायचे तसलं. दोनदा लिहिलं आणि फाडलं. तुला फसवायचं नाही.

आई चिडकी होती, सर्जा. फार चिडकी. रंगानं सावळी, उंच, दात जरा पुढं, आणि आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर नदीपलीकडची माणसं वर बघायची. अप्पा तिला घाबरायचे. सासूशी भांडायची, बैलाशी भांडायची, चुलीतल्या ओल्या लाकडाशी भांडायची. मला तिचा मार पुष्कळ मिळाला आहे. आणि घरातलं कुणी आजारी पडलं की तिची चिडचिड दुप्पट व्हायची. मला एकदा गोवर आला तर ती माझ्या उशाशी बसून देवालाच शिव्या देत होती. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही.

तू उशिरा चालायला लागलास. दीड वर्षाचा झालास तरी पाय टेकेनास, आणि जेवायचास नाही. ती एका काखेत तुला आणि एका हातात दूधभाकरीची वाटी घेऊन अख्ख्या खळ्यात फिरायची. कावळा दाखव, रेडकू दाखव. तू तोंड मिटून घ्यायचास, आता घेतोस तसंच. ती घास पुढं करायची आणि ओरडायची, "ह्या पोरानं माजा जीव खाल्ला, भाकरी तेवढी खायीना." शेजारच्या बाया हसायच्या. त्यातली एखादी म्हणायची, "ठेव की खाली, भूक लागल्यावर खाईल." तर त्यांच्यावर चिडायची. तुला तिनं खाली ठेवलं नाही. आजारी पडून अंथरुणाला लागेपर्यंत तू तिच्या काखेतच होतास. कावीळ झाली तेव्हा तिच्या अंगात उठून बसायचं बळ नव्हतं, तरी तिनं मला जवळ बोलावलं आणि रागानंच सांगितलं, ह्याला चारल्याबिगार झोपायचं न्हाय.

तुझी आक्का